वहिवाट

जून संपत आला होता. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळचे साडेसात वाजून गेले होते आणि मी कान्हेरीच्या डांबरी रस्त्यावरून पळत परत येत होते. या रस्त्याला एका वळणावर एक पायवाट फुटते आणि झाडीत खाली उतरते. जेमतेम दोन पावलं रुंद, मधली माती पायांनी दाबून घट्ट झालेली, कडेला सागाचा कुजका पाला. वाटेच्या तोंडाशी पुढे जायला मनाई असल्याची पाटी आहे. त्या पाटीपाशी मी दम खायला थांबले, तेवढ्यात खालून एक पन्नाशीची बाई आणि तिच्या मागोमाग सात-आठ वर्षांची मुलगी वर आली. मुलीच्या अंगावर शाळेचा गणवेश, पायांत रबरी चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. डांबरावर पोचताच ती कडेच्या दगडावर बसली. चपला काढल्या, पिशवीतून पांढरे मोजे आणि काळे बूट बाहेर काढले, तळवे एका जुन्या फडक्याने कोरडे पुसले आणि बूट घातले. चिखलाच्या चपला फडक्यात गुंडाळून पिशवीत गेल्या. हे सगळं इतक्या सराईतपणे झालं, की रोजचंच असणार हे सांगायला नको होतं.

मी विचारलं, "मावशी, ही वाट कुठं जाते?"

"घरी," ती म्हणाली. मग माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही पळता ना? इथून नका जाऊ. गार्ड ओरडेल."

ती पाटी तिच्यासाठी नव्हती, माझ्यासाठी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला तेव्हा ते फारसं रुचलं नाही. मी बारा वर्षं पळतेय. पहिली काही वर्षं रस्त्यावर, नंतर सह्याद्रीतल्या वाटांवर. ज्याला आता सगळे ट्रेल रनिंग म्हणतात ते मुंबईत करायचं तर दारातलं जंगल म्हणजे हेच. आणि या सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या डोंगराळ उद्यानात आमच्या वाट्याला येतो तो मुख्यतः डांबरी रस्ता. पळणाऱ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज चढतो. माझाही चढायचा. 'वाटा आहेत, पाय आहेत, मग अडवता कशाला?' हा आमचा सवाल. तो सवाल अजूनही मला योग्यच वाटतो. पण त्याचं उत्तर मागताना आम्ही चुकीच्या हक्काचं नाव घेतो, असं त्या सकाळपासून वाटायला लागलं आहे.

योग्य हक्कासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: वहिवाट. ज्यांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना तो चांगला ओळखीचा. माझ्या आजोळी शेतावर जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून होती. एका वर्षी त्याने बाभळीच्या फांद्या टाकून ती बंद केली. मामा कचेरीत गेला. वाट आपल्या मालकीची असल्याचा कागद त्याच्याकडे नव्हता, कारण ती त्याच्या मालकीची नव्हतीच. त्याने गावातली दोन म्हातारी माणसं नेली. कळायला लागल्यापासून या वाटेने यांचे बैल जाताना आम्ही बघतो, असं त्यांनी सांगितलं. बाभळी निघाल्या. पुढे केव्हातरी वाचलं, की अडवलेली वाट खुली करून द्यायचा हा अधिकार 1906 च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्यातून आलेला आहे आणि आजही तहसीलदार तो वापरतात. महसूल संहितेच्या 143व्या कलमातही बांधावरून वाट मागायची सोय आहे. गावनकाशा उघडून पाहिला तर पायमार्ग एका तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला दिसतो. माणसाच्या पावलांनी पडलेल्या वाटेला आपल्याकडे सरकारी कागदावर स्वतःची रेघ आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वहिवाटीची गंमत अशी, की तिच्यात मालकी येत नाही. वाटेवरून जायचा हक्क मिळतो. ती रुंद करायचा, तिच्यावर दुकान मांडायचा किंवा दुसऱ्याला विकायचा मिळत नाही. हा हक्क वापरातून जन्मतो आणि वापर सुटला की विरतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तर त्यासाठी वर्षंही मोजून दिली आहेत. आणखी एक गोष्ट गावात सगळे पाळतात: ज्याची वहिवाट तो वाट राखतो. पावसाळ्याआधी चर काढायचा, वाहून गेलेला दगड परत बसवायचा, झुडूप वाढलं तर कोयता मारायचा. जो वाट राखत नाही त्याच्या साक्षीला पुढे म्हातारी माणसं उभी राहत नाहीत.

हे मनात ठेवून 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचावा. अभयारण्यात परवान्याशिवाय कोण शिरू शकतं ते 27वं कलम सांगतं: कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक हमरस्त्यावरून पार होणारा, आणि यांच्यावर अवलंबून असलेली माणसं. परवाना कशासाठी देता येतो ते 28व्या कलमात आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी काही कायदेशीर कामकाज. हीच कलमं राष्ट्रीय उद्यानालाही लागू केली आहेत. ही यादी मी अनेकदा वाचली. हमरस्त्यावरून जाणारा तिच्यात आहे. पायवाटेने जाणारा तिच्यात नाही. म्हणजे गावनकाशावरची दोन रेषांची वाट कायद्याला कळते आणि एका रेषेची कळत नाही.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. शिकार आणि लाकूडतोड ऐन भरात असतानाचा तो कायदा आहे. तो आला नसता तर मुंबईच्या पोटात हे जंगल उरलंच नसतं, हे मला मनापासून मान्य आहे. शिवाय अभयारण्य जाहीर करताना एखादी सार्वजनिक वाट बंद करायची झाली तर शक्य असेल तिथे पर्यायी वाट द्यावी, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाट होती. पुढे अंमलात ती हरवली. पायाने आत येणाऱ्याला दोनच ओळखी उरल्या: पर्यटक किंवा घुसखोर. पळणारा माणूस पर्यटक झाला. आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यावरचा माणूस कित्येकदा दुसऱ्या रकान्यात गेला. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी आणि अलीकडे झोपडी बांधलेली माणसं यांच्यातली रेघ फार पुसट झाली होती. ती रेघ आखू पाहणारा वनहक्क कायदा आला 2006 साली. नवापाडा, चुनापाडा, ठाण्याकडच्या येऊरच्या बाजूचा पाटोणापाडा, या वस्त्यांतली माणसं कोणाची हे कागदावर ठरायच्या आधी त्यांच्या वाटा जमिनीवर ठरलेल्या होत्या.

आणि वाटा त्यांच्याही आधीपासूनच्या आहेत. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्षू तिथे कित्येक शतकं राहिले. तिथल्या लेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दानकर्त्यांची नावं आहेत. हे लोक, त्यांचं धान्य, कातळ फोडणारे पाथरवट, सगळे पायीच वर आले. काळ्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं की मधला भाग किंचित खोल लागतो. सोपाऱ्याहून इथवरची वाट हीसुद्धा वहिवाटच होती, आणि आजच्या फाटकाहून ती दीड-दोन हजार वर्षांनी थोरली आहे.

मग आम्ही पळणारे कोणत्या नावाने वाट मागतो? एक गट म्हणतो, आम्ही पासचे पैसे भरतो. हा गिऱ्हाइकाचा हक्क. तो मला सगळ्यांत कच्चा वाटतो, कारण उद्या जास्त पैसे भरणारा आला की वाट त्याची होईल. आणि येईलही, जीप घेऊन येईल. दुसरा गट म्हणतो, जंगल सरकारचं आहे, सरकार आमचं आहे, म्हणून जंगल आमचं. हा नागरिकाचा हक्क. ऐकायला भारदस्त आहे आणि बराचसा खराही आहे. पण या उद्यानाला खेटून एक कोटीहून जास्त माणसं राहतात. सगळ्यांचा हक्क अगदी सारखा धरला तर दोन पावलांच्या त्या वाटेवर रविवारी सकाळी पाचशे माणसं उतरतील, आणि सोमवारी बूट पिशवीत घेऊन चढणाऱ्या त्या मुलीला घोट्याएवढ्या चिखलातून यावं लागेल. सारख्या हक्काची किंमत तिने एकटीने का मोजायची?

हे कल्पनेतलं नाही. सिंहगडाची आतकरवाडीची वाट बघा. मी तिथे बरीच वर्षं जाते. सोमवार-मंगळवारी भल्या सकाळी गेलं तर दह्याची मडकी आणि भाकरी-पिठल्याचं सामान घेऊन चढणाऱ्या बाया भेटतात. त्यांचा वेग संथ दिसतो, पण चढात त्या कुठे थांबत नाहीत. ती त्यांची वहिवाट. रविवारी त्याच वाटेवर आम्ही असतो, शेकड्यांनी. पाऊस पडून गेलेला असतो. वाटेच्या मध्यात डबकं साचतं. बूट भिजू नये म्हणून पहिला माणूस डबक्याच्या कडेने जातो, गवत तुडवतो. दुसरा त्याच्या कडेने. महिन्याभरात दोन पावलांची वाट दहा पावलांची होते. गवताची मुळं मेली की माती सुटते, पुढच्या सरीला खाली जाते, आणि झाडाची मुळं बोटांसारखी उघडी पडतात. वळणावळणाने चढणारी वाट जिथे आहे तिथे उतरताना वेळ वाचवायला सरळ खाली उड्या मारणारे असतात; आम्ही पळणारे त्यात पुढे असतो, हे लपवायचं कारण नाही. ती सरळ रेघ म्हणजे पाण्याला आखून दिलेला उतार. दोन पावसाळ्यांत ती गुडघाभर खोल घळ होते. मूळ वाट आखणाऱ्याने वळणं हौसेने घेतलेली नसतात. पाण्याने वाटेवरून पळू नये म्हणून ती असतात.

इथे थोडं थांबून पळण्याबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं ऐकून 'मग पळूच नका, चाला' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. डांबरावर पळताना शरीर विसरता येतं. एका लयीत पाय पडत राहतात, मन भलतीकडे असतं. डोंगरवाटेवर ते जमत नाही. समोरची चार हात जमीन सतत वाचावी लागते: हा मुरूम आहे, सरकेल, हा ओला कातळ आहे, शेवाळ काळं दिसतंय, इथे टाच टेकायची नाही, हा पाला खालून पोकळ आहे. उताराला पाऊल लहान करायचं, गुडघा सैल सोडायचा, हात थोडे पसरायचे. घसारा लागला की आपणही त्याच्याबरोबर जरासं वाहायचं, विरोध करायचा नाही. तासाभराने एक असा क्षण येतो, की डोळे, पाय आणि जमीन यांच्यात विचार करायला जागाच उरत नाही. मला माझं जंगल त्या तासांतून कळलं आहे. कुठल्या ओढ्याला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी येतं, कुठली उतरण ऑक्टोबरात पहिल्यांदा कोरडी होते, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. असं जाणणारी माणसं ज्या जंगलाला शहरात हजारोंनी असतील, त्या जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्यांची कमी पडणार नाही. उद्यानाशेजारच्या आरेतली झाडं 2019 साली रात्रीतून तोडली गेली तेव्हा रस्त्यावर उतरलेले लोक आरेत चालणारे, पक्षी बघणारे, तिथल्या पाड्यांत राहणारे असेच होते. जंगलाशी पायांचं नातं असणं ही चैनीची बाब मानायला मी तयार नाही.

वन खात्याच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बघायला हवं. पहिली काळजी बिबट्याची. 2015 च्या कॅमेऱ्यांच्या अभ्यासात उद्यान आणि आरे मिळून 35 बिबटे दिसले. इतक्या दाट वस्तीच्या शहराला चिकटून इतके बिबटे राहणं ही जगात विरळा गोष्ट आहे. 2004 साली इथे बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं गेली. बाहेर पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडल्याने ताण वाढला, हे नंतर अभ्यासकांनी दाखवलं आणि ती पद्धत थांबली. तेव्हापासून बिबट्याबरोबर कसं राहायचं हे शहर हळूहळू शिकत आहे. पाड्यांवरच्या लोकांना शिकवावं लागलं नाही. त्यांच्याकडे वाघोबाचं ठाणं आहे आणि अंधारात वाटेने जाताना मोठ्याने बोलत, मोबाइलवर गाणं लावून जायची रीत आहे. आम्ही मात्र पहाटे साडेचारला कपाळावर दिवा बांधून, कानांत गाणी घालून, रबरी तळव्यांनी आवाज न करता वळणावर अचानक पोचणारी माणसं. बिबट्या दिसला तर पळू नये, हा पहिला नियम. आणि आम्ही पळतच येतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की या जंगलातल्या वाटांवर सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यानंतर पळणाऱ्याने जाऊ नये. रात्रीच्या शर्यतींचा तर विचारही नको. मुंबईत हे म्हणणं सोपं नाही. आठला उकडायला लागतं, नऊला लोकल पकडायची असते. पहाट गेली की बहुतेकांचा दिवसच गेला. तरी ती पहाट आम्ही सोडावी. तिच्यावरची वहिवाट दुसऱ्याची आहे.

दुसरी काळजी गर्दीची आणि मातीची. ती सिंहगडावर खरी ठरलेली आपण पाहिलीच. नॅशनल पार्कात तिला आणखी एक बाजू आहे. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात आणि त्यांचं पाणी याच उतारांवरून येतं. वाट कातरली गेली की माती शेवटी त्यांच्या तळाशी जाऊन बसते. इथली कारवी आठ वर्षांनी फुलते. 2016 साली फुलली, 2024 साली फुलली. फुलून बी टाकलं की झुडूप मरतं आणि पुढच्या पावसात बोटभर रोपं जमिनीला गालिच्यासारखी चिकटून उगवतात. त्या पावसाळ्यात वाटेच्या बाहेर पडलेलं प्रत्येक पाऊल पुढच्या फुलोऱ्यातून काहीतरी कमी करतं.

एवढं सगळं मान्य केल्यावरही सरसकट बंदी हे उत्तर मला पटत नाही, आणि त्याचं कारण वाटांच्या स्वभावात आहे. बंद केलेली वाट रिकामी होत नाही. ज्यांचे डोळे आणि पाय तिच्यावर असायचे ते तिथून निघून जातात, एवढंच होतं. उरतात चोरून येणारे. ते रात्री येतात, पाटी टाळून नवी वाट पाडतात, आणि अडचणीत आले तर कोणाला सांगत नाहीत. वापर तोडला की जमिनीवर काय होतं याचं एक उदाहरण कास पठाराचं आहे. फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं. गुरं आत जाईनाशी झाली. काही वर्षांनी तिथले गावकरी आणि काही जाणकार म्हणू लागले, की गवत माजलंय आणि फुलं कमी झालीत. शेवटी कुंपण काढावं लागलं. कासचं सरसकट सगळीकडे लागू होत नाही, तिथली जमीन वेगळी, झाडोरा वेगळा. पण माणूस आणि गुरं बाहेर काढली की निसर्ग आपोआप पूर्वपदावर येतो, ही समजूत तिथे तपासली गेली आणि डळमळीत निघाली.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण वाटांच्या बाबतीत ते टाळता येत नाही. इंग्लंडात 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो माणसं मुद्दाम मनाई मोडून चढली. बहुतेक मँचेस्टरच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणारी तरुण पोरं. डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी राखला होता. पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी तरतूद उद्यानांची नाहीच. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या हद्दीतल्या सगळ्या पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा, असं त्या कायद्याने सांगितलं. तिथे पायवाट कायद्याच्या भाषेत हमरस्ताच मानली जाते, कितीही अरुंद असो. 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळांवर आणि डोंगरांवर पायी फिरायचा हक्क आला. त्याच कायद्यात वर्षातले 28 दिवस मालकाला ही जमीन बंद ठेवता येते, आणि पक्ष्यांच्या विणीसाठी किंवा वणव्याच्या भीतीने आणखीही बंद करता येते. त्यांच्या डोंगरांत बिबटे नाहीत आणि उशाला मुंबई नाही, त्यामुळे त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी घ्याव्यात अशा आहेत. आधी वाट नकाशावर आणा, मग ती कोणी कधी वापरायची ते ठरवा. आणि वाट काही काळ बंद ठेवणं हा हक्काचाच एक भाग माना.

आपल्याकडे नेमकं उलटं चाललं आहे. याच डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे जाणार आहेत, प्रत्येकी 4.7 किलोमीटरचे. ठाणे-बोरिवलीचे बोगदे त्याहून लांब, दहा किलोमीटरच्या वर. बोगदा खालून जातो, वरचं झाड हलत नाही, असं सांगितलं जातं. ठाण्याहून बोरिवलीला घोडबंदरमार्गे दोन तास गाडीत कोंडून घेणाऱ्या माणसाची अडचणही मला समजते. तरी एक गोष्ट खुपते. गाडीला डोंगर पार करायचा आहे म्हटल्यावर हजारो कोटी, यंत्रं, सगळ्या खात्यांच्या परवानग्या हजर होतात. पायाने डोंगर पार करणाऱ्याची वाट मात्र कोणत्या नकाशावर आहे हेही कोणी सांगू शकत नाही. येऊरहून पलीकडे उतरणाऱ्या वाटा पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या पायांत आहेत. ती माणसं गेली की वाटाही जातील, आणि मग साक्षीला कोणी उरणार नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. उद्यानातल्या पायवाटांची आधी नोंद व्हावी, आणि ती पाड्यांवरच्या माणसांना पुढे चालायला लावून व्हावी: ही वाट कोणाची, कुठून कुठे, किती वर्षांची, तिचं नाव काय. नावं असतातच. ही वहिवाट आधी त्यांच्या नावे मान्य व्हावी, पाटीवर तसं लिहिलं जावं. त्यानंतर, त्यांच्याशी बोलून, चार-दोन वाटा पळणाऱ्या-चालणाऱ्यांना उघडाव्यात. ज्या घरांवरून आणि पाणवठ्यांवरून जातात त्या मुळीच उघडू नयेत. उजेडात जायचं आणि ठरलेल्या संख्येने जायचं. मुसळधार पावसाच्या आठवड्यांत माती लोण्यासारखी असते, तेव्हा वाट बंद. वाटेवर माणसं ठेवायची ती पाड्यावरची, पगार देऊन. फाटकावर जमा होणाऱ्या पैशातून तो पगार निघावा. वर्षाकाठी येणाऱ्या शर्यती इथे नकोतच. त्यांच्यासाठी सह्याद्रीत जागा आहे, सिंहगड-राजगड-तोरण्यासारख्या लांब पल्ल्याच्या शर्यती तिथे होतातही, आणि तिथल्या आयोजकांनीही ज्या गावांच्या वाटा वापरल्या त्या गावांना शर्यतीनंतर वाट आधीपेक्षा चांगली करून परत द्यावी.

आणि आम्ही पळणाऱ्यांनी काय द्यायचं? घाम पळून गाळतो, तसाच थोडा फावड्यानेही गाळायचा. जो वर्षातून चार दिवस वाट दुरुस्त करायला येईल त्यालाच पळायचा पास, असं झालं तर मी पहिली रांगेत उभी राहीन. डबकं आलं तर मधून जायचं, बूट भिजू द्यायचे. वळण तोडायचं नाही. समोरून डोक्यावर ओझं घेतलेलं माणूस आलं तर आपण कडेला उभं राहायचं, त्याला थांबायला लावायचं नाही. यातलं काहीही अवघड नाही. पण ते कोणी लादायच्या आधी आम्ही आपणहून केलं, तर उद्या आमच्यासाठी साक्षीला उभं राहायला कोणीतरी असेल.

खात्यातल्या माणसांशी या सगळ्यावर बोलले तेव्हा एका तरुण वनरक्षकाने विचारलेला प्रश्न माझ्याकडे अजून अनुत्तरित आहे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही चार दिवस याल, खरंय. पण बाकीचे येतील याची हमी कोण देणार?" माझ्याकडे हमी नव्हती. तो दिवसाला दहा-बारा किलोमीटर पायी गस्त घालतो, हातात काठी असते. त्याच्या पायांतले बूट तळव्याला फाटलेले होते. वाट कशी मोडते हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं, आणि ती उघडी ठेवायला त्याची व्यक्तिशः हरकत नव्हती. त्याला फक्त एकट्याने ती सांभाळायची नव्हती.

ऑगस्टमध्ये पुन्हा त्या वळणावर थांबले. पाटी तशीच होती. वाटेच्या तोंडाशी, जिथे डांबरावरचं पाणी खाली उतरून माती खायला लागलं होतं, तिथे कोणीतरी पाच चपटे दगड आडवे, थोडे तिरके बसवले होते. पाणी दगडांना अडून बाजूच्या गवतात जात होतं. खालची माती शाबूत होती आणि तिच्यावर एक लहान आणि एक मोठं, अशी दोन चपलांची ताजी ठसठशीत पावलं होती. मी तिथूनच मागे वळले.